पाठमोरी घारापुरी

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. तिची उंची वीतभरसुद्धा नाही. ती आहे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात रोमन बनावटीच्या काही ब्राँझ वस्तू मिळाल्या, त्यांतली ही सर्वांत प्रसिद्ध. त्याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकाळातले कोल्हापूर मातीतून वर आले. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून, हा समुद्रदेव करवीरात येऊन राहिला, याचे आम्हा कोल्हापूरकरांना अजूनही अप्रूप आहे.

मी पेशाने हिशेबनीस. इतिहास शिकलो तो ग्रंथालयांच्या बाकांवर आणि पायी हिंडून. चार वर्षांपूर्वी एका शाळेची मुले संग्रहालय पाहायला आली तेव्हा त्यांना माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले. पोसायडनसमोर उभा राहून मी पश्चिम किनाऱ्यावरच्या प्राचीन बंदरांविषयी बोललो आणि बोलता बोलता घारापुरीवर घसरलो. वर्षानुवर्षे व्याख्यानांत वापरलेले वाक्यच मी पुन्हा म्हटले : भर समुद्रात, माणसांच्या वस्तीपासून दूर, एका एकाकी बेटावर कोरलेले हे शिवाचे लेणे.

सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग ते लेणं कोरणारी माणसं पाणी कुठलं प्यायची? आणि त्यांना भाकरी कोण द्यायचं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. ज्याचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले, त्याला एवढ्या मोठ्या कामाची खर्चाची बाजू कधी दिसलीच नव्हती. मी तोपर्यंत तीन वेळा घारापुरीला गेलो होतो. तिन्ही वेळा त्याच धक्क्यावर उतरलो, त्याच पायऱ्या चढलो, त्याच मूर्तींसमोर उभा राहिलो आणि त्याच वाटेने परत आलो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या दुसऱ्या बाजूला होते आणि तिकडे मी पाऊलही टाकले नव्हते. हा लेख त्या चुकीच्या दुरुस्तीचा आहे.

एक धक्का, एक टेकडी

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर. बोटीला तासभर लागतो. बेट मुंबईच्या डोळ्यांसमोर असले तरी ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. त्याचा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणला की पुढचे सारे समजायला सोपे जाते. बेटावर दोन टेकड्या आहेत, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. मधे अरुंद घळ आहे. किनाऱ्यावर तीन वस्त्या आहेत आणि तिन्हींच्या नावांत 'बंदर' आहे : वायव्येला शेत बंदर, ईशान्येला मोरा बंदर आणि दक्षिणेला राज बंदर. ज्या बेटावरच्या प्रत्येक वस्तीच्या नावात बंदर आहे, त्याला मी एकाकी म्हणत होतो.

पर्यटकांची बोट लागते ती शेत बंदराच्या बाजूला. लांब धक्क्यावरून छोट्या आगगाडीने किंवा चालत पुढे यायचे, दुतर्फा दुकाने असलेल्या सुमारे १२० पायऱ्या चढायच्या, की समोर पहिले लेणे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि दक्षिणेकडच्या भिंतीत सुमारे १८ फूट उंचीचा सदाशिव दिसू लागतो. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात, कारण तीन मुखे दिसतात. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र तो पंचमुखी सदाशिव असल्याचे मांडले आहे : मधले शांत मुख तत्पुरुषाचे, एका बाजूचे उग्र मुख अघोराचे, दुसऱ्या बाजूचे सौम्य मुख वामदेवाचे. चौथे मागे, खडकाच्या आत आहे असे मानायचे आणि पाचवे वर. म्हणजे दिसतात त्यापेक्षा मुखे जास्त आहेत, हे पाहणाऱ्याला ठाऊक असावे अशी त्या शिल्पकाराची अपेक्षा होती.

हे लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८७ साली युनेस्कोने घारापुरीच्या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पश्चिमेच्या टेकडीवर एकूण पाच लेणी आहेत. माथ्यावर ब्रिटिशकालीन दोन तोफा आहेत, म्हणून तिला 'कॅनन हिल' म्हणतात. बहुतेक पर्यटक पहिले लेणे पाहतात, काहीजण उरलेली चार पाहतात, उत्साही मंडळी तोफांपर्यंत जातात. मग परतीच्या बोटीची वेळ होते. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. त्यामुळे जी काही तीन-चार तासांची पुंजी असते ती पश्चिमेच्या टेकडीवरच संपते.

घळ ओलांडल्यावर

चौथ्या खेपेला मी सकाळची पहिली बोट धरली. बरोबर कोल्हापूरचा एक मित्र होता. पहिले लेणे पाहून झाल्यावर तो म्हणाला, "लेणी बघून झाली की रं, आता कशाला तंगडतोड?" पण आला.

पूर्वेच्या टेकडीला 'स्तूप टेकडी' म्हणतात. तिच्या उतारावर दोन लेणी आहेत, क्रमांक ६ आणि ७. सहाव्या लेण्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात. पुढे चार खांब आणि दोन अर्धखांबांची ओसरी, आत दालन आणि मागच्या भिंतीत तीन खोल्या. मधली खोली गाभाऱ्याची. तिच्या दाराच्या चौकटीचे काम अजून पाहण्यासारखे आहे, पण आत मूर्ती नाही. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या काळात या लेण्याचा वापर चर्चसारखा होत होता. म्हणजे पहिले लेणे कोरून हजार वर्षे उलटल्यावरही या टेकडीला वापर होता.

सातवे लेणे त्याहून साधे. ती एक छोटी ओसरी आहे. मागे तीन खोल्या काढायचा बेत असावा, पण खडकात दोष निघाला आणि काम सोडून दिले गेले. मला स्वतःला हे लेणे फार बोलके वाटते. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराचा घाम दिसत नाही. इथे दिसतो. काळ्या पाषाणात भेग कुठे निघेल हे आधी सांगता येत नाही. वरून खाली, पुढून मागे असा एकेक थर काढत जायचे आणि मधेच खडकाने दगा दिला की तोवरची मजुरी बुडीत खाती टाकायची. हा खर्च कोणीतरी सोसला होता.

सातव्या लेण्याच्या पुढे एक कोरडे तळे आहे आणि त्याच्या काठाने खडकात खोदलेली बौद्धकालीन टाकी आहेत. मी तिथे बराच वेळ बसलो. ज्यांनी सह्याद्रीतले किल्ले पाहिले आहेत त्यांना टाके नवीन नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि पोढी खोदून देणे हे मोठे दान समजले गेले आहे. या किनाऱ्यावर चार महिने धो धो पाऊस पडतो आणि आठ महिने थेंबही पडत नाही. भोवती खारे पाणी. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवता आले तरच माणूस राहू शकतो. त्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग इथे सुटला : पाणी टाक्यांतले प्यायचे. आणि टाकी बौद्धकालीन असतील, तर पाण्याची ही सोय शिवाच्या लेण्याच्या आधीपासूनची होती.

टेकडीच्या उत्तरेकडच्या सोंडेच्या टोकाशी मातीचा एक उंचवटा आहे. माहीत नसेल तर कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. तो विटांच्या स्तूपाचा खालचा भाग. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासपर्यंत मागे नेतात. तो अंदाज धरला, तर पहिले लेणे कोरले जाण्याच्या सातशे वर्षे आधी इथे विटा आणणारी, स्तूप रचणारी आणि त्याला प्रदक्षिणा घालणारी माणसे होती. स्तूप निर्जन जागी उभा राहत नाही. भिक्षूंना भिक्षा लागते, भिक्षेला घरे लागतात.

मोरा बंदर

स्तूपाखाली किनाऱ्याकडे मोरा बंदर आहे. इथे एक खुलासा करायला हवा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून जी लाँच जाते ते मोरा बंदर उरणचे. त्याचा आणि या मोरा बंदराचा गोंधळ मीही सुरुवातीला केला होता.

बेटाच्या या अंगाला समुद्र उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी दूर जाते आणि चिखलाचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. काठाला खारफुटी. झाडी दाट. दुकाने नाहीत, माकडांना खाऊ घालणारे पर्यटक नाहीत. अशा या बाजूचे महत्त्व पुरातत्त्वज्ञांनी ओळखले ते किनाऱ्यावरच्या आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या अवशेषांमुळे. घारापुरीच्या किनारी भागातल्या पाहण्यांत विटांच्या बांधकामांचे अवशेष मिळाले आहेत, अँफोरांची खापरे मिळाली आहेत आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकातली क्षत्रपांची नाणीही बेटावर सापडली आहेत.

अँफोरा म्हणजे दोन कानांचा, तळाशी निमुळता होत गेलेला रांजण. भूमध्य समुद्राच्या काठावरून मद्य, ऑलिव्हचे तेल आणि माशांची आंबवलेली चटणी अशा रांजणांतून निघत असे. तळ निमुळता असल्यामुळे तो जमिनीवर उभा राहत नाही. पण जहाजाच्या पोटात एकावर एक, फटीत फट बसवून रचता येतो. त्याचा कान किंवा टोक हातभर चिखलात सापडले तरी जाणकाराला ओळखता येते. अलीकडच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी सरसकट रोमन समजली गेलेली काही खापरे प्रत्यक्षात इराणी आखाताकडच्या बिनकानाच्या, लांबट 'टॉर्पेडो' रांजणांची आहेत. या रांजणांचा काळ नंतरचा, म्हणजे घारापुरीचे लेणे कोरले जात होते त्या काळालाही कवेत घेणारा. रोमचा व्यापार ओसरल्यावर हा किनारा ओस पडला, असे पूर्वी लिहिले जाई. खापरे तसे सांगत नाहीत.

या जागी बंदर का असावे, हे पुन्हा नकाशाच सांगतो. आज आपण बेटाकडे मुंबईहून पाहतो म्हणून ते आपल्याला समुद्रात दिसते. पण मुंबई नसलेल्या काळात जा. मोठी गावे होती खाड्यांच्या आत. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, धरमतरची खाडी या सगळ्या ज्या विस्तीर्ण पाण्यात उघडतात, त्या पाण्याच्या मध्यभागी घारापुरी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतले व्यापारी मार्गदर्शन कल्याणचा उल्लेख करते. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात आहे. कल्याणहून माल नाणेघाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. समुद्रातून या खाड्यांत शिरणाऱ्या जहाजाला घारापुरी टाळता येत नव्हती. थांबायला, पाणी भरायला, भरतीची वाट पाहायला ती आयती जागा होती.

आमचा पोसायडन कोणत्या बंदरात उतरला याची नोंद नाही. कोल्हापूरला येणाऱ्या मालाला दक्षिण कोकणातली बंदरे आणि तिकडचे घाट जवळचे. तो घारापुरीवर उतरला असे मी म्हणणार नाही. पण ज्या दळणवळणाने तो आला, त्याच दळणवळणाने मोरा बंदराच्या चिखलात खापरे पडली. टाऊन हॉलच्या काचेमागची मूर्ती आणि ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल एकाच वहीच्या दोन पानांवरच्या नोंदी आहेत.

'पुरी' कोणती?

मोरा बंदराचा प्रश्न निघाला की एक जुना वाद निघतोच. विजापूरच्या दक्षिणेला, ऐहोळे येथे मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात रविकीर्तीने रचलेला चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याचा प्रशस्तिलेख आहे. शक ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५. पुलकेशीच्या सैन्याने कोकणातल्या मौर्यांना हरवले आणि शेकडो नौकांनिशी 'पुरी' नावाच्या नगरीवर हल्ला केला, असे त्यात सांगितले आहे. ती नगरी पश्चिम समुद्राचे वैभव होती असे रविकीर्ती म्हणतो आणि हल्ला करणाऱ्या नौकांना मदमस्त हत्तींची उपमा देतो. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राजधानीचे नावही पुरीच येते. शिलाहार म्हटले की आम्हा कोल्हापूरकरांना खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि पन्हाळा आठवतो. हे शिलाहार त्याच कुळनामाच्या दुसऱ्या शाखेचे.

ही पुरी कुठली? एक मत घारापुरीच्या बाजूचे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरने, १८८२ साली, मोरा बंदराकडे बोट दाखवले आणि 'मोरा' या नावात मौर्यांची आठवण असावी असे सुचवले. दुसरे मत जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या बाजूचे. नावातल्या साम्यावर मी फार विसंबत नाही. मोरा उरणलाही आहे, आणि मोर नावाचा पक्षीही आहे. पण पुरीचा वाद कसाही सुटो, त्यातून एक गोष्ट निर्विवाद निघते : सहाव्या-सातव्या शतकात हा किनारा जहाजांसाठी लढाया होण्याइतका श्रीमंत होता. त्याच काळात घारापुरीचे लेणे कोरले गेले.

ते कोणी कोरवले? लेण्यात आज लेख नाही. पण कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी बेटावर सापडली आहेत. कृष्णराज सहाव्या शतकातला, शिवभक्त. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी कलचुरींच्या इतिहासाची मांडणी केली आणि वॉल्टर स्पिंक यांनी घारापुरीचे श्रेय कलचुरींना देणारी बाजू जोराने मांडली. तांब्याचे नाणे कमी किमतीचे असते. राजाने ब्राह्मणाला दान द्यायचे ते गाव देतो, सेनापतीला द्यायचे ते सोने देतो. तांब्याचे नाणे लागते रोजच्या देवघेवीला. ही नाणी मजुरीची असावीत, असा तर्क केला गेला आहे. हिशेबनीस म्हणून मला तो पटतो. आणि मजुरी नाण्यांत दिली जात असेल, तर ते नाणे घेऊन तांदूळ, मीठ, मासळी देणारा कोणीतरी जवळपास असलाच पाहिजे. नुसते नाणे कोणी खात नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग असा सुटतो : भाकरी बाजारातून येत होती. ती बहुधा भाकरी नव्हती, भात होता.

राज बंदर आणि हत्ती

आता दक्षिणेकडे. बेटाला पोर्तुगिजांनी हत्तीचे नाव दिले, त्यावरून 'एलिफंटा', हे सर्वांना माहीत असते. पण तो हत्ती कुठे उभा होता, हे विचारले तर उत्तर येत नाही. तो आजच्या धक्क्याजवळ नव्हता. तो राज बंदराजवळ, बेटाच्या दक्षिण अंगाला होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात हे बेटही गेले. त्या काळी येणारी होडी दक्षिणेकडे लागे आणि उतरणाऱ्याला आधी काळ्या पाषाणाचा हत्ती दिसे. सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी हत्तीबरोबर एका दगडी घोड्याचाही उल्लेख केला आहे. तो घोडा पुढे नाहीसा झाला.

हत्तीच्या पाठीवर आणखी एका लहान प्राण्याची आकृती होती. १८१४ साली हत्तीची मान आणि डोके कोसळले, मागोमाग धडही खचले. १८६४ साली त्याचे तुकडे इंग्लंडला न्यायचे ठरले, पण उचलताना यारी तुटली आणि बेत फसला. तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, नेले गेले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती उभा आहे. बेटाला ज्याने नाव दिले तो बेटावर नाही.

लेण्याच्या लेखाचेही तसेच झाले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कौतु याने लिहून ठेवले आहे की लेण्याच्या दारावर एक कोरीव लेखाचा दगड होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला, तिथे तो कोणालाही वाचता आला नाही. पुढे तो दगड हरवला. लेणे कोणी, केव्हा कोरवले, या शंभर वर्षांच्या वादाचे उत्तर कदाचित त्या एका दगडावर होते.

बेटाची पुढची बाजू

एवढे हिंडल्यावर माझ्या लक्षात एक साधी गोष्ट आली. बेटाला स्वतःची पुढची आणि मागची बाजू नसते. जिथे बोट लागते ती पुढची बाजू. सातवाहन-क्षत्रपांच्या काळात वर्दळ पूर्वेला, खाड्यांच्या तोंडाशी होती. तेव्हा स्तूप, टाकी आणि बंदर पूर्वेला आले. पोर्तुगिजांच्या काळात होडी दक्षिणेला लागे. तेव्हा राज बंदर पुढचे अंगण होते आणि हत्ती त्याचा दारवान. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट मराठ्यांकडून घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले आणि मुंबई वाढत गेली तसे बेटाचे तोंड मुंबईकडे वळले. आज शेत बंदर पुढे आहे आणि दोन हजार वर्षांचे बंदर पाठीमागे पडले आहे. आपण 'एकाकी लेणे' म्हणतो, कारण ज्या दाराने त्या लेण्याकडे धान्य आले असेल, ते दार आपण वापरत नाही.

याचा तोटा अभ्यासापुरता नाही. जिथे माणसे जातात तिथेच राखण होते. पहिल्या लेण्यातल्या मूर्तींची पोर्तुगीज काळात फार नासधूस झाली. आज मात्र तिथे पहारा आहे, कठडे आहेत, पाट्या आहेत. मोरा बंदराच्या चिखलातल्या खापराला कठडा घालता येत नाही. प्रत्येक भरती त्यातले थोडे नेते. स्तूपाच्या विटा पावसात झिजतात. मूर्ती तुटली तर वर्तमानपत्रात येते, वीट विरघळली तर येत नाही.

राहणाऱ्यांची बाजू

आणि तिथे माणसे राहतात. तिन्ही वस्त्यांत मिळून हजार-बाराशे लोकवस्ती. भातशेती, मासेमारी, होड्यांची डागडुजी आणि आता मुख्यतः पर्यटकांवर चालणारी दुकाने. १९८५ च्या अधिसूचनेने संपूर्ण बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरचा पट्टा संरक्षणाखाली आला. तो वारशासाठी आवश्यकच होता. पण त्याचा अर्थ असा की या लोकांचे घर-अंगणही वारशाच्या हद्दीत आहे. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना घारापुरीला कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास डिझेलच्या जनरेटरवर भागवावे लागे. बेटाची पुढची बाजू शेत बंदराला असल्यामुळे धंदाही तिकडेच. मोरा आणि राज बंदरच्या माणसाला दुकान लावायचे तर टेकडी ओलांडून तिकडे जावे लागते. इतिहासात जे बंदराचे झाले, तेच आज घरांचे झाले आहे.

मोरा बंदराच्या किनाऱ्यावर उभे राहिले की पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंच याऱ्या दिसतात. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. उत्तरेला २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो. माझा मित्र त्या एकावर एक रचलेल्या कंटेनरकडे बराच वेळ पाहत होता. मी त्याला अँफोराचा निमुळता तळ कशासाठी असतो ते सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे धंदा तोच, डबा बदलला." त्यानंतर तंगडतोडीची तक्रार त्याने केली नाही.

वाचकांपैकी कोणी घारापुरीला जाणार असेल, तर एवढेच सुचवतो. पहिली बोट धरा. पहिले लेणे सावकाश पाहा, ते जगातल्या थोर लेण्यांपैकी आहे. मग तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि गावकऱ्यांना विचारून पूर्वेच्या टेकडीची वाट धरा. बरोबर पाणी घ्या. वस्तीतून जाताना ते कोणाचे तरी अंगण आहे हे विसरू नका. किनाऱ्यावर खापराचा तुकडा दिसला तर जिथे आहे तिथेच राहू द्या. खिशात घातलेले खापर नुसता मातीचा तुकडा होते, जागेवर असलेले पुरावा असते. आणि मुंबईत वेळ मिळाला तर भायखळ्याला जाऊन त्या हत्तीला भेटा.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता अकरावीत असेल. तिचे नाव मी तेव्हा विचारून घेतले नाही. टाऊन हॉलमध्ये अजूनही शाळांच्या सहली येतात आणि अधूनमधून मला बोलावणे येते. पोसायडनसमोर उभा राहिलो की आता मी ते जुने वाक्य म्हणत नाही. आधी मुलांनाच विचारतो : बेटावर राहायचे असेल तर सगळ्यात आधी काय लागेल? बहुतेक मुले एकदम म्हणतात, "पाणी." मग मी टाक्यांपासून सुरुवात करतो. लेण्यापर्यंत पोहोचायला त्यामुळे थोडा उशीर होतो, पण मुले तोवर कंटाळत नाहीत.